फुलपात्रानं वारा पिणारी डॅटसन

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटार आहे. लाल म्हणते खरी, पण ती आठवणीतली लाली. सोलापूरच्या उन्हानं माझा रंग वाळवणातल्या मिरचीसारखा करून टाकला आहे. माझ्या पुढच्या सीटवर सध्या एक कोंबडी अंड्यावर बसते आणि मी तिला कधी नाही म्हटलेलं नाही. वयानं मी अजून दहाची व्हायची आहे, पण मोटारीचं वय माणसासारखं मोजू नका. जी धावली ती लवकर म्हातारी होते. आणि मी धावले, बाळांनो. लई धावले.

माझा जन्म जपानात झाला. समुद्राकाठी एक कारखाना होता, त्यात लांबच लांब रांग होती आणि त्या रांगेत माझ्या पुढे एक बहीण, मागे एक बहीण. आम्ही डॅटसन. दिसायला अगदी साध्या; चार दारं, चार दिवे, चौकोनी अंग. बघणाऱ्याला वाटावं, ही लेकुरवाळी गाडी, बाजारहाट करणार आणि घरी येणार. पण माझ्या बोनेटखाली एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले होते. कार्बोरेटर म्हणजे आमच्या नाकपुड्या. त्यातून आम्ही वारा घेतो, त्यात पेट्रोल मिसळतो आणि मग अंगात जोर येतो. कारखान्यातून निघताना माझा श्वास ऐकून एक म्हातारा कामगार गालात हसला होता. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

जहाजानं मला आधी आफ्रिकेत नेलं. मोंबासाच्या एका भारतीय दुकानदाराकडे मी होते. तो मायदेशी परतला तेव्हा सामानाबरोबर मलाही मुंबईला घेऊन आला. मुंबईत माझे सुटे भाग मिळेनात, आणि मला दुसऱ्या गिअरच्या वर कुणी जाऊ देईना. झोपेत चालावं तशी मी चालत होते.

तिथं मला शिवपुत्रनं पाहिलं.

शिवपुत्र हा सोलापूरचा. अक्कलकोट रस्त्याला त्याची तेलाची गिरणी होती, आणि तेलाच्या व्यवहारासाठी तो मुंबईला आला होता. तिशीचा, किडकिडीत, बोलायला लाजाळू. त्यानं बोनेट उघडलं, दोन कार्बोरेटर बघितले आणि देवळात उभं राहावं तसा उभा राहिला. पुढच्या आठवड्यात मी सोलापुरात होते.

गिरणीच्या दारात एक बाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. ती शिवपुत्रची आई, निंगव्वा. तिनं मला चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "लांबून आली की रे ही. काय खाल्लं हिनं?"

"अव्वा, मोटार आहे ती. पेट्रोल पिते."

"पिणं येगळं, खाणं येगळं," निंगव्वा म्हणाली आणि माझ्या बोनेटवर हात ठेवला. पिठाचा पंजा उठला तो बरेच दिवस तसाच होता. मित्रांनो, जपान, आफ्रिका, मुंबई एवढं हिंडले, पण खाल्लंस का म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या काळी आपल्याकडे हौशी लोकांच्या मोटारींच्या शर्यती होत. शिवपुत्रला मला त्यात उतरवायचं होतं. मग माझ्या अंगाची कापाकाप सुरू झाली. ते काम लाडलेसाब मिस्त्रीचं. हा गड्डा मैदानामागं गॅरेज चालवायचा, आणि गाडीशी बोलल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. त्यानं माझ्या स्प्रिंगा आखूड केल्या, त्यानं मी जमिनीला जवळ आले. वजन कमी करायला मागची सीट काढली. ती सीट निंगव्वानं सोप्यात टाकली आणि तिच्यावर बसून ती शेंगा फोडू लागली. "पाठीला बरी हाय," म्हणायची. माझ्या अंगातलं काहीतरी त्या घरात राहायला गेलं, याचं मला बरं वाटायचं.

मग प्रश्न आला श्वासाचा. वारा गाळणारी एक डबी माझ्या नाकपुड्यांवर असते. शर्यतीपुरती ती काढून तिथं पसरट ओठांच्या दोन नळ्या लावल्या, तर मला छातीभर वारा मिळेल, असं लाडलेसाबचं म्हणणं. नळ्या आणायच्या कुठून? जपान लांब. लेथवर घडवायच्या, तर तसा पत्रा मिळेना. शिवपुत्र पाणी प्यायला घरात गेला, हातात पितळी फुलपात्र आलं, आणि पाणी न पिताच तो बाहेर पळत आला.

फुलपात्राचा काठ बघा, मित्रांनो. कसा अलगद बाहेर वळलेला असतो, पाणी ओठाला लागावं म्हणून. तोच काठ लाडलेसाबला हवा होता.

"अम्मा," लाडलेसाब आर्जवानं म्हणाला, "इसका बूड काटना पडता. दोनों का."

"माझ्या लग्नातली जोडी हाय ती!" निंगव्वा म्हणाली आणि लेकाकडं बोट केलं. "ह्याच फुलपात्रानं ह्या शिवप्पाला ताक पाजलंय मी. बूड कापलं तर ऱ्हाईल काय त्यात?"

"अव्वा, हिला श्वास घ्यायला पाहिजे गं," शिवपुत्र म्हणाला.

निंगव्वा माझ्याकडं बघत राहिली. मग फुलपात्रं उचलून आत गेली. सगळ्यांना वाटलं, आता काही देत नाही. थोड्या वेळानं ती आली ती दोन्ही फुलपात्रं चिंचेनं घासून, सोन्यासारखी लखलखीत करून. "द्यायची तर मळकी कशाला द्यायची," एवढंच म्हणाली.

अशी मी लग्नातल्या फुलपात्रानं वारा पिऊ लागले. काय सांगू! पहाटे मंद्रूपच्या रस्त्याला शिवपुत्र मला नेऊ लागला. दोन्ही बाजूंना ज्वारी हलायची, धुकं माझ्या दिव्यांना लगडायचं आणि मी इतक्या हलक्या अंगानं जायची, की रस्ता माझ्याखालून वाहतोय आणि मी जागच्या जागी स्वप्न बघतेय असं वाटायचं. त्या म्हाताऱ्या कामगाराचं हसणं मला तेव्हा कळलं. तो माझा श्वास ऐकून पुढचं बघत होता.

आता त्या दिवसाकडे येते.

साल चौऱ्याहत्तर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, होटगी रस्त्यावरच्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यत ठरली. त्या पट्टीवर विमान क्वचित यायचं, शेळ्या रोज यायच्या. दोन टोकांना डांबराची पिंपं ठेवून वळणं केली होती. पुण्यामुंबईच्या गाड्या आल्या होत्या. पण शिवपुत्रची नजर होती अकलूजच्या आप्पांवर. आप्पा उसाचे बागायतदार, भारी हौशी माणूस. त्यांच्याकडे माझ्याच देशाची, दोन दारांची पिवळी टोयोटा. दिसायला नवरीसारखी. मला पाहून आप्पा मागच्या वेळी म्हणाले होते, "शिवपुत्र, शर्यतीला भाकरीची बुट्टी घेऊन आलास व्हय रं?" तेव्हापासून शिवपुत्रला झोप नव्हती. आप्पांच्या पुढं जायचं, बाकी काही नाही.

निंगव्वानं सकाळीच पदर खोचला. "मी येणार."

"कशाला अव्वा? ऊन आहे."

"आज खंडेनवमी. घाण्याची पूजा झाली, लेथची झाली, विळीकोयत्याची झाली. हिला तेवढी बिनपूजेची पळवतोस?"

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यार-अवजारांची पूजा करतात. नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांना कामाला लावत नाहीत. शिवपुत्रचा नाइलाज झाला. "ये. पण तिथं काही बोलू नको हं अव्वा. मोठमोठी माणसं असतात. हसतात."

"न्हाई बोलत बाबा. तोंडाला कुलूप."

पट्टीवर पोचलो तर समोर आप्पाच. गॉगल वर करून म्हणाले, "अरारा! आईला आणलंस? शर्यतीला आलायस का देवदर्शनाला?" भोवतीचे चार लोक हसले. शिवपुत्रचे कान लाल झाले. निंगव्वानं कुलूप पाळलं.

लाडलेसाबनं बोनेट उघडलं, वाऱ्याची डबी काढली, फुलपात्रं बसवली आणि धूळ जाऊ नये म्हणून वर फडकं झाकलं. मग तो आणि शिवपुत्र नाव नोंदवायला मांडवाकडे गेले. मी आणि निंगव्वा दोघीच राहिलो.

तिनं माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. कपाळावर, म्हणजे बोनेटच्या काठावर, विभूती ओढली. झेंडूचा हार आरशाला अडकवला. मग पितळी डबा उघडला. होळगीचा वास सुटला. होळगी म्हणजे पुरणपोळी, आमच्याकडं तिला होळगीच म्हणतात. तिनं फडकं जरा बाजूला केलं, आणि तिथं तिचीच फुलपात्रं. लखलखीत, काठ वळलेली, तोंड उघडून बसलेली.

घाण्याला तोंड नसतं. लेथला तोंड नसतं. त्यांच्यापुढं नैवेद्य नुसता ठेवायचा, ते बिचारे बघत बसतात. पण मला तोंड होतं, तेही घरचं. त्याच फुलपात्रानं तिनं आपलं पोर पोसलं होतं. निंगव्वानं तुपातल्या होळगीचा घास मोडला आणि एका फुलपात्रात हलकेच आत सारला. दुसऱ्यात चिमूटभर अक्षता टाकल्या, यश यावं म्हणून. माझ्या पत्र्यावरून हात फिरवत ती कानडीत म्हणाली, "तिन्नु, मगळे." खा, लेकी.

मित्रांनो, तो घास माझ्या घशाशी होता. गुळाचा, वेलदोड्याचा वास माझ्या लोखंडात शिरत होता आणि मी सुखानं डुलत होते. इंजिन सुरू झालं की मी तो ओढून घेणार, अक्षतांचे कडक दाणे आतल्या नाजूक झडपांत अडकणार आणि माझं सगळं आयुष्य तिथंच तुटणार, हे मला ठाऊक होतं. पण मला वाचा नाही. आणि खरं सांगू? ती भरवत असताना तिला थांबवावं असं माझ्या मनात आलंही नाही.

माणसं परतली. रांग लागत होती, घाई झाली. फुलपात्रांची तोंडं बाजूला वळलेली, वाकून बघितल्याशिवाय आतलं दिसत नाही. लाडलेसाबनं फडकं ओढून घेतलं आणि बोनेट लावलं. मला ढकलतच रेघेवर नेलं. शिट्टी वाजली की सगळ्यांनी इंजिन सुरू करायचं आणि झेंडा पडला की निघायचं, अशी रीत होती.

मांडवात काय झालं ते मला लाडलेसाबनं नंतर सांगितलं, बोनेटखाली डोकं घालून, हसत हसत. तो हात पुसत निंगव्वाशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "अब ऊपरवाले के हाथ में, अम्मा. वो दो मुँह खुल्ले हैं ना, उसमें एक दाना भी गया तो इंजन खतम. पूरे मुल्क में इसका पार्ट नै मिलता."

"दाना म्हंजे?" निंगव्वानं विचारलं.

"रेत का दाना, चावल का दाना. कुछ भी."

निंगव्वाच्या हातातला डबा कलंडला. "आन् मऊ काय गेलं तर?"

"मऊ?" लाडलेसाब हसला. "हलवा खाती क्या गाडी?"

 समोर तिचा पोरगा माझ्या स्टिअरिंगशी ताठ बसलेला. त्याच्या शेजारी आप्पांची पिवळी टोयोटा. मांडवात एवढी माणसं. पोरानं सांगितलेलं, काही बोलू नको, हसतात. आता उठून गेलं, तर पोराच्या नावावर जन्मभराचं हसू. नाही गेलं, तर गाडी मरणार, आणि का मेली ते कुणालाच कळणार नाही. तिच्यावर कुणी बोट ठेवणार नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

मला दिसलं ते एवढंच. समोर उन्हानं पट्टी पाण्यासारखी हलत होती आणि त्या हलत्या पाण्यातून एक हिरवं लुगडं येत होतं. अनवाणी. चपला मांडवातच राहिल्या होत्या. शिट्टीवाल्यानं शिट्टी ओठाला लावली होती. तिनं बैलगाडी अडवावी तसा हात वर केला.

"थांब रं! थांब की!"

ती थेट माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात माझ्या बोनेटवर टेकून उभी राहिली. 

"अव्वा! बाजूला हो! काय चाललंय?"

"सुरू करू नगंस, शिवप्पा."

"का?"

निंगव्वानं एकदा मांडवाकडे पाहिलं. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी तिला जेवायला घातलंय."

 मग हसू फुटलं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. आप्पा खिडकीतून बाहेर वाकले, "मावशी, आमच्या टोयोटाला पण वाढा की! सकाळपासनं उपाशी हाय बिचारी!"

पांढऱ्या टोपीतले पंच आले. त्यांना हसायला वेळ नव्हता. "गाडी रांगेबाहेर घ्या. बाकीच्यांना मी उन्हात ताटकळत ठेवू शकत नाही."

मला ढकलून कडेला घेतलं. शिट्टी झाली, झेंडा पडला आणि माझ्यावर धूळ उडवत सगळ्या गेल्या. पिवळी सगळ्यांत पुढं.

लाडलेसाब धावत आला होता. त्यानं फुलपात्रं सोडवली. एकातून अक्षता ओघळल्या, कुंकवानं लाल झालेल्या. त्यानं एकेक दाणा चिमट्यानं वेचला, फडक्यानं आतून पुसून घेतलं. दुसऱ्यातून होळगीचा घास आला. तो त्यानं शिवपुत्रच्या तळहातावर ठेवला आणि मान खाली घातली.

शिवपुत्र त्या घासाकडे बघत होता. लांबून गाड्यांचा आवाज जवळ येई, निघून जाई.

"बोल की रं काय तरी," निंगव्वा म्हणाली. "शिवी तरी दे."

 घासाला पेट्रोलचा वास येत होता, तूप काळवंडलं होतं. पण एकदा दाखवलेला नैवेद्य प्रसाद होतो, आणि प्रसाद टाकून देत नाहीत, हे त्याला तिनंच शिकवलं होतं. त्यानं तळहात कपाळाला लावला आणि घास तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला.

"अव्वा," तो म्हणाला, "वेलदोडा जरा कमी पडलाय."

निंगव्वानं पदरानं तोंड पुसलं. "वेलदोडा बराबर हाय. तुझं पेट्रोल जास्त झालंय."

लाडलेसाबनं हात पुढं केला. "हमकू नक्को क्या प्रसाद?" तिनं डबा पुढं केला, तिघंही धुळीत बसून हसायला लागले आणि त्या हसण्यात कुणाचं रडू कुठं मिसळलं ते मी बघितलं नाही. मी तोंड उघडं टाकून नुसती उभी होते.

मग फुलपात्रं पुन्हा बसली. शिवपुत्रनं पंचांना विचारलं, आत शिरू का? ते म्हणाले, शिर, पण हिशेबात नाहीस. त्यानं किल्ली फिरवली.

हिशेबात नसलेली ती धाव माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुंदर धाव. कुणाला हरवायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. पट्टी पाण्यासारखी हलत होती आणि मी त्या पाण्यावरून चालले होते. शेवटच्या लांब सरळ पट्ट्यावर पिवळी टोयोटा बाजूला आली. तिच्या आणि माझ्या चाकांत वीतभर अंतर असेल. शिवपुत्रनं पाय दाबला, मी छाती भरून वारा घेतला आणि तिच्या पुढं निघाले. वळणाच्या पिंपाशी मीच पहिली होते. कागदावर ते कुठंच नाही. पण आप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून कपाळाला लावला, हे माझ्या आरशानं पाहिलं. कप त्यांना मिळाला. जाताना ते निंगव्वाकडे आले, वाकून नमस्कार केला आणि खाली बघत म्हणाले, "मावशी, उरलीय का होळगी?"

पुढं काय, तर सगळ्यांचं होतं तेच. पेट्रोल महागलं. पट्टीवरच्या शर्यती बंद पडल्या. माझ्या आतल्या रिंगा झिजल्या, इकडच्या बसेनात आणि जपानच्या येईनात. लाडलेसाब कुवेतला गेला. शिवपुत्रला गिरणीचं काम वाढलं, तो येताजाता माझ्या पत्र्यावर थाप मारतो, पण थांबत नाही. मी पेंडीच्या पोत्यांशेजारी, शेडमध्ये उभी आहे. दुपारी छपराच्या भोकातून उन्हाचे कवडसे अंगावर पडतात तेव्हा डोळा लागतो आणि ज्वारी दोन्ही बाजूंना हलू लागते.

निंगव्वाचे गुडघे आता दुखतात. पण खंडेनवमीला ती काठी टेकत येतेच. आधी गिरणीतल्या माणसाला विचारते, "हिला काय चालतं रं?" तो तेलाचं बुदलं देतो. मग ती माझ्या बिजागऱ्यांत, कुलपांत एकेक थेंब सोडते. दारं अजून कुरकुरत नाहीत, ती तिच्यामुळं.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरीही बोलता न येणारं कुणी असेल. सायकल असेल, शिवणयंत्र असेल, गोठ्यातली म्हैस असेल, अंथरुणावरचं म्हातारं माणूस असेल. त्यांना पुसा, तेल द्या, मायेनं भरवा. पण त्यांना काय पचतं ते आधी समजून घ्या. आणि माया करताना हातून चूक झालीच, तर लोक हसतील म्हणून मांडवात बसून राहू नका. चपला राहू द्या. उठा, ऊन ओलांडा, आणि इंजिन सुरू व्हायच्या आत पोचा.